तळ्यातला मनोरा

दिवाळीच्या फराळानंतर आमच्या घरी पूर्वी पत्ते निघत असत. पुढे अल्बम निघू लागले, आणि हल्ली भाच्याचा मोबाइल टीव्हीला जोडून फोटो दाखवण्याची प्रथा पडली आहे. हातात चकली आणि डोळ्यांपुढे आल्प्स पर्वत, अशा अवस्थेत दोन-दोन तास बसावे लागते. पाहुण्याने जांभई द्यायची नाही आणि यजमानाने थांबायचे नाही, असा त्यातला अलिखित करार असतो. मी तो आजवर इमानाने पाळला. गेल्या दिवाळीत मात्र तो माझ्या हातून मोडला आणि भांडण झाले. भांडण घरातले आहे खरे. पण ते तुमच्याही घरात कधी ना कधी होणारच, अशा दाट संशयाने मी ते चव्हाट्यावर आणतो आहे.

हकीकत अशी. माझी थोरली बहीण, आमची आक्का, १९७० नंतरची काही वर्षे नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जर्मनीत होती. १९७९ च्या उन्हाळ्यात तिने आणि मेहुण्यांनी एक जुनी फोक्सवागन मोटार घेतली, चार वर्षांच्या भाच्याला मागच्या बाकावर बसवले आणि व्युर्त्सबुर्गपासून व्हेनिसपर्यंत प्रवास केला. मेहुणे आता नाहीत. भाच्याने पन्नाशी गाठली, आणि गेल्या वर्षी त्याच्या मनाने घेतले की आईवडिलांची ती सफर पुन्हा करायची. बायकामुलांना घेऊन तो गेला, मोटार भाड्याने घेतली, आणि आक्काचे जुने फोटो हातात धरून त्याच गावी, त्याच कमानीखाली, त्याच कारंज्यापाशी उभा राहिला. आक्का उभी होती तिथे नात उभी. कल्पना सुंदर होती, मीसुद्धा दोन वेळा "वा!" म्हणालो.

मग तो मनोरा आला. ऑस्ट्रियातून इटलीत उतरताना रेशेन नावाची खिंड लागते. तिथे एक विस्तीर्ण तळे आहे आणि त्या निळ्याभोर पाण्यातून चर्चचा एक दगडी मनोरा एकटाच वर आलेला आहे. आजूबाजूला काही नाही. चौदाव्या शतकातला तो मनोरा. "इथे ग्राऊन नावाचं गाव होतं," भाचा सांगू लागला. "१९५० साली विजेसाठी तळं केलं, त्यात सगळं गाव गेलं. एवढा मनोरा राहिला." खोलीतल्या बायकांनी हळहळ व्यक्त केली. भाचेसुनेने फोटो मोठा करून दाखवला. आणि त्या हळहळीच्या लाटेवर स्वार होऊन भाचा म्हणाला, "मामा, तिकडे शेहेचाळीस वर्षांनी गेलो तरी सगळं जागच्या जागी. आपल्याकडे असं करता येईल का? आपल्याकडे मागचं काही राहतच नाही."

मी विचारले, "अरे, तुझ्या आजीचं माहेर कुठे, ठाऊक आहे?"

"नेवाशाकडे कुठेतरी ना?"

"कुठेतरी नाही. पाण्याखाली. पन्नास वर्षं झाली."

खोलीत कोणी बोलेना. आक्काने चकलीचे ताट उगीचच सरळ केले.

*

भाच्याचा राग येऊन हा लेख लिहिलेला नाही. त्याचे विधान अर्धे चूक आणि अर्धे बरोबर आहे, आणि मला त्यातला बरोबर अर्धा जास्त झोंबतो. पण आधी चुकीच्या अर्ध्याचा निकाल लावू.

युरोपात सगळे जागच्या जागी असते, हे साफ खोटे आहे. भाचा ज्या गावापासून निघाला ते व्युर्त्सबुर्ग १६ मार्च १९४५ च्या रात्री वीस मिनिटांच्या बाँबवर्षावात जळून गेले. जुन्या शहरात धड इमारत शोधावी लागे. पुढचे रोथेनबुर्ग. तिथल्या तटबंदीच्या प्रेमात पडून त्याने तीस फोटो काढले. त्याच मार्चच्या अखेरच्या दिवशी त्या गावावरही बाँब पडले आणि गावाचा मोठा भाग व तटाचा बराच तुकडा कोसळला. आज दिसतो तो तट लोकांनी पुन्हा बांधला. जगभरच्या माणसांनी त्यासाठी पैसे पाठवले आणि देणगीदारांची नावे तटाच्या दगडांवर कोरली गेली. ह्या गावांना जोडणाऱ्या ज्या रस्त्याला 'रोमँटिक रस्ता' म्हणतात, ते नाव तरी किती पुरातन? १९५० सालचे! युद्धाने बेचिराख झालेल्या देशाने आपली उरलीसुरली गावे एका दोऱ्यात ओवली आणि जगाला सांगितले, या, पाहा. पोलंडची वॉर्सा तर १९४४ मध्ये ठरवून जमीनदोस्त केली गेली; तिथल्या लोकांनी अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची चित्रे समोर ठेवून जुने शहर पुन्हा उभे केले.

तेव्हा तिकडचे जे 'राहिले' असे आपल्याला वाटते, त्यातले पुष्कळसे राहिलेले नाही. हट्टाने राखलेले किंवा पुन्हा उभारलेले आहे. हा काही तिकडच्या मातीचा गुण म्हणता येणार नाही. ज्या लोकांनी दोनदा आपले घर आपल्याच हातांनी पेटवले, त्यांच्या अंगी जन्मजात जपणूक असते असे मी कसे मानू? आणि त्या मनोऱ्याचेच पाहा. ग्राऊनच्या लोकांनी तळ्याला विरोध केला होता. त्यांचेही कोणी ऐकले नाही. ह्या बाबतीत सरकारे सगळीकडची सख्खी भावंडे असतात.

दुसरी गोष्ट. गेलेल्या वाटेने पुन्हा जाणे ही युरोपातून आणलेली नवलाई आहे, असा भाच्याचा समज दिसला. ज्या मुलखात दर वर्षी लाखो माणसे त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवरून, त्याच तिथीला पंढरपूरला चालत जातात, त्या मुलखातल्या माणसाने हे म्हणावे? निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती आपला नगर जिल्हा उभा ओलांडूनच पुढे जाते. कुठल्या गावी दुपारचा विसावा, कुठे रात्रीचा मुक्काम, हे नकाशा न पाहता सांगणारी माणसे वाटेवरच्या गावोगाव आहेत. आणि ज्यांच्या नावाने ही वारी चालते ती चार भावंडे तरी कोण होती? आळंदीहून पैठणला शुद्धिपत्रासाठी पायी गेलेले एक पोरके कुटुंबच की! परतताना ती भावंडे नेवाशाला थांबली अशी परंपरा आहे, आणि तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. म्हणजे कुटुंबाच्या प्रवासाची आठवण सातशे वर्षे टिकवण्याची विद्या आपल्याला येत होती. पण तिचा वापर आपण देवाधर्मापुरता ठेवला, आणि घरच्या व गावच्या आठवणी वाऱ्यावर सोडल्या.

*

त्या रात्री भांडण मिटले ते एका वहीमुळे. आमचे अण्णा हिशेबी गृहस्थ होते. प्रत्येक प्रवासाचा जमाखर्च लिहीत. त्या वह्यांपैकी बहुतेक मी स्वतः, ह्याच हातांनी, घर आवरताना रद्दीत घातल्या. एवढी एक आक्काच्या ट्रंकेत राहिली. ती फाल्गुन १९६४ ची निघाली. अण्णांच्या एका वकील मित्राने आपली लँडमास्टर गाडी चार दिवस दिली होती. आम्ही नगरहून नेवाशाला, तेथून प्रवरासंगमाला, मग आजोळी आणि शेवटी नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो. मी नऊ वर्षांचा, आक्का पंधराची. वहीत अशा नोंदी: 'पांढरी पूल, गाडीत पाणी भरले. घोडेगाव, चहा सहा, साठ नये पैसे. वडाळ्याच्या अलीकडे वडाखाली डबा खाल्ला, सावली उत्तम. नेवासे, खांबाचे दर्शन. टोक्याच्या घाटावर स्नान, आक्का पायरीवरून घसरली, आयोडीन.' मैलांचे आकडे समासात.

भाच्याने वही दोनदा वाचली आणि म्हणाला, "मामा, फाल्गुनात येतो. गाडी माझी." हे त्याचे मोठेपण मी मान्य करतो.

त्याप्रमाणे यंदाच्या फाल्गुनात आम्ही निघालो. आक्का पुढे, मी वही घेऊन मागे. इमामपूरचा घाट उतरताना वही उघडली. पांढरी पूल जिथल्या तिथे आहे, पण तिथे गाडीत पाणी भरण्याचे दिवस गेले. घोडेगावी चहा घेतला. जनावरांचा बाजार आजही नाव राखून आहे. वडाळ्याच्या अलीकडे मात्र गाडी तीनदा मागेपुढे केली. वड सापडला नाही. रस्ता चौपदरी झाला आहे, मध्ये दुभाजक, कडेला ढाबे आणि टायरवाल्यांची दुकाने. एका दुकानदाराला विचारले, इथे मोठा वड होता का? तो म्हणाला, "असंल. रस्त्यात गेला असंल." त्याच्या स्वरात खेद नव्हता आणि आनंदही नव्हता, 'पाऊस पडला असेल' ह्या सुरात तो बोलला. डबा आम्ही गाडीत बसून खाल्ला.

नेवाशाला खांब आहे. त्याला काही होणार नाही, कारण त्याच्याभोवती श्रद्धा उभी आहे. पण तिथून जवळच लाडमोड टेकडी आहे. तिथे १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी उत्खनन केले, आणि प्रवरेकाठच्या ह्या गावाचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला. सातवाहनांच्या काळच्या थरांत तिथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. म्हणजे भाचा युरोपला जाण्याआधी दोन हजार वर्षे युरोप नेवाशाला येऊन गेला होता! भाच्याला हे ठाऊक नव्हते. त्याला काय दोष देऊ? ह्या मातीत वाढून, रोज त्या वाटेने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

टोक्याचा घाट आणि सिद्धेश्वराचे कोरीव देऊळ पाहून जीव जरा शांत झाला. आक्का खालच्या पायरीवर बसली आणि "हीच ती," म्हणाली. भाच्याने तिचा फोटो काढला. व्हेनिसच्या तीस फोटोंपेक्षा तो मला अधिक आवडला, हे मी त्याला तोंडावर सांगितले.

आणि मग आजोळ. पक्का रस्ता संपला तिथून कच्च्या वाटेने आम्ही पाण्याच्या कडेला आलो. समोर नाथसागर. आमच्या त्या सहलीनंतर दीडच वर्षाने, ऑक्टोबर १९६५ मध्ये, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली धरण पुरे झाले. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव ह्या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे त्याच्या पाण्याखाली किंवा काठावर विस्थापित झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी मागे सरते; उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत एक म्हातारे गृहस्थ कलिंगडाच्या वेलांपाशी बसले होते. आजोळचे नाव घेताच ते उठले. हात लांब करून दाखवू लागले: "ते तिकडं वेस. तिच्या उजव्या अंगाला मारुती. तुमच्या आजोबांचा वाडा म्हंजी त्या बगळ्यांच्या पल्याड." आम्ही तिघे त्या बोटाच्या दिशेने पाहत होतो. भाच्याने फोटो काढला. फोटोत पाणी आहे आणि तीन बगळे आहेत.

तिथे मनोरा नाही. मनोरा सोडा, साधी पाटी नाही. ते गृहस्थ आणखी किती वर्षे बोट दाखवणार?

*

आता मुद्द्यावर येतो. काही वाचक आताच कागद सरसावून बसले असतील: 'म्हणजे लेखकाला धरणे नकोत, रस्ते नकोत!' थांबा. मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. नगर जिल्ह्यातली धट्टीकट्टी, घरंदाज माणसे खडी फोडायला जाताना मी पाहिली आहेत. ज्याने ते पाहिले तो पाण्याच्या थेंबाला नावे ठेवणार नाही. नाथसागराच्या पाण्याने मराठवाड्याची शेते भिजली, शहरांचे नळ चालले. आणि चौपदरी रस्त्याने जीव वाचत असतील तर वड जावा, हेही मी दगड गिळल्यासारखे का होईना, पण गिळतो. उभारणीशी माझे वैर असते तर मी ह्या जिल्ह्यात राहिलोच नसतो. ज्या १९५० साली जर्मनांनी आपल्या रस्त्याला नाव दिले आणि ग्राऊन बुडाले, त्याच १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना ऊस गाळू लागला होता. त्या धुराड्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

तक्रार वेगळी आहे. ज्यांनी घरे दिली त्यांची नावे आपण का पुसली? धरणाला जागा लागते, नाव पुसण्याची गरज लागत नाही. रस्त्याला वडाची जागा लागते. इथे वड होता हे लिहायला हातभर दगड पुरतो. 'त्याला पैसा कुठून?' असे विचारणारे लोक चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक कोणत्या खर्चाने लावतात, हे मी विचारू का? कालच्या वाढदिवसाला वीस फुटांचा फलक, आणि बुडालेल्या गावाला वीतभर पाटी नाही!

दुसरे उत्तर मिळते, 'हे सरकारने करावे.' रोथेनबुर्गच्या तटावरची नावे वाचा म्हणावे. तिथे माणसांची नावे आहेत. सरकारच्या नावाने खडे फोडणे सोपे असते. मी अण्णांच्या वह्या रद्दीत घातल्या तेव्हा कोणत्या सरकारने माझा हात धरला होता? गाव बुडाले हे खाते सरकारच्या नावावर लिहा. पण गाव विसरले, ते तुमच्याआमच्या नावावर आहे. पुनर्वसनात मिळालेल्या जागेवर आमच्या आजोळकरांनी नव्या गावाला जुनेच नाव दिले. त्यांनी आपले काम केले. आम्ही शहरात शिकलेल्या नातवंडांनी काय केले? आम्ही परदेशातल्या बुडालेल्या गावापाशी थांबून फोटो काढले आणि हळहळलो.

२०२४ साली ह्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या ह्या बाईने काय केले? काशीपासून रामेश्वरापर्यंत वाटसरूसाठी विहिरी खोदल्या, घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या. ज्याचे नाव घ्यायचे त्याचे व्रतही घ्यावे लागते. तिच्या जिल्ह्यात वाटसरूला वाटेची ओळख सांगणारा दगड नसावा, हे त्या नावाला शोभत नाही, एवढेच म्हणतो.

तेव्हा मागणी अगदी लहान आहे. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांत, रस्त्याच्या कडेला, जिथून पाणी दिसते तिथे एकेक दगड उभारावा. त्यावर बुडालेल्या गावांची नावे, घरांची संख्या आणि साल असावे. दुसरे काही नको, उद्घाटकाचे नाव तर मुळीच नको. तिथल्या शाळांतल्या मुलांनी वर्षातून एक दिवस त्या म्हाताऱ्यांपाशी बसून वेस कुठे होती, मारुती कुठे होता, हे वहीत उतरवून घ्यावे. आणि तुम्ही, वाचकहो, ह्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक खाली काढा. त्यात अण्णांची, दादांची, नानांची एखादी हिशेबाची वही निघेल. ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा मुलांसमोर मोठ्याने वाचा, आणि जमले तर त्या वाटेने जाऊन या. चार दिवस पुरतात, व्हिसा लागत नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर आजोळच्या दगडासाठी आम्ही रीतसर अर्ज दिला आहे. खर्च भाचा करतो आहे. दगडावरच्या नावांची यादी करताना आक्काला पस्तीस घरे आठवली, मला अकरा. कलिंगडवाल्या गृहस्थांनी राहिलेली सांगायचे कबूल केले आहे. माघात त्यांच्याकडे पुन्हा जायचे आहे. त्या गावची माणसे पुण्यामुंबईस किंवा त्याहून दूर असतील आणि हा अंक त्यांच्या हाती पडला असेल, तर त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर आपल्या घराची जागा कळवावी. वेशीच्या डाव्या हाताला की उजव्या, तेवढे लिहिले तरी चालेल.